मुलाच्या तपासणीत नवी नळी वापरू द्यावी का?

सिस्टर, नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. जन्मतःच पाठीवर गाठ होती, स्पायना बिफिडा. तान्हा असतानाच ऑपरेशन झालं. कॅलिपर लावून चालतो, अभ्यासात हुशार आहे. लघवीवर ताबा नाही, डायपर लागतो. या वर्षी दोनदा लघवीत इन्फेक्शन होऊन ताप आला आणि सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज दिसली. डॉक्टरांनी युरोडायनॅमिक, म्हणजे लघवीच्या पिशवीतला दाब मोजायची तपासणी सांगितली. त्याच वेळी म्हणाले, लहान मुलांसाठी एका नव्या कॅथेटरचा, म्हणजे तपासणीच्या नळीचा अभ्यास चालू आहे, त्यात मुलाला घेऊ का? तपासणीचे पैसे लागणार नाहीत. भलामोठा फॉर्म दिलाय. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, ते म्हणतात सही करून टाकू, पैसे वाचतील. सासऱ्यांची निफाडला द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, माझ्या नातवावर प्रयोग नको. मागे एका दवाखान्यात नळी घालताना मुलाला चौघांनी धरून ठेवलं होतं, तेव्हापासून दवाखाना म्हटलं की तो थरथरतो. मी काय करू? त्याला विचारायचं का?
— एक आई, सिडको, नाशिक

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत अडकलेत. तपासणी करायची का, हा एक. त्यात नवी नळी वापरू द्यायची का, हा दुसरा. घरातला वाद दुसऱ्यावरून चाललाय आणि त्यात पहिला लांबणीवर पडतोय, अशी मला शंका येते. दोनदा ताप आणि वर किडनीला सूज, म्हणजे थांबायला वेळ नाही. अभ्यासाला हो म्हणा, नाही म्हणा, तपासणीची तारीख मात्र आजच घेऊन ठेवा.

मी डॉक्टर नाही. लहान मुलांच्या युरोडायनॅमिकच्या खोलीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलं आणि पुढे एका एथिक्स कमिटीवरही, म्हणजे अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या समितीवरही बसले. उपचारांबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. त्या खोलीत काय होतं आणि कागदावर काय बघायचं, एवढं मी सांगू शकते.

आधी तपासणी. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या मुलांत लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या नसांचं काम बिघडलेलं असतं. काहींची पिशवी सैल पडते. काहींची आखडते, आणि त्याच वेळी खालचा स्नायू सुटायचा तो आवळून बसतो. मग आत दाब वाढत जातो आणि तो वर किडनीपर्यंत पोचतो. मुलाला बहुतेकदा यातलं काही जाणवत नाही. डायपर ओला होतोय म्हणजे पिशवी रिकामी होतेय, असं घरच्यांना वाटत राहतं. प्रत्यक्षात तुडुंब भरलेल्या पिशवीतून थोडी थोडी गळत असते. १९८१ मध्ये अमेरिकेतले डॉ. एडवर्ड मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मुलांचा पाठपुरावा छापला. ज्यांची लघवी ४० च्या वरच्या दाबाला (हा दाब ‘सेंटिमीटर पाणी’ या एककात मोजतात) गळायला लागत होती, त्यांच्यात किडनीकडच्या नळ्या फुगणं आणि लघवी उलटी वर चढणं जास्त दिसलं; त्याखाली गळणाऱ्यांत फार कमी. हा ४० चा आकडा आज कोणी काळ्या दगडावरची रेघ मानत नाही, त्याहून कमी दाबही दिवसभर टिकून राहिला तर डॉक्टर काळजी करतात. पण सोनोग्राफीला सूज दिसते, दाब दिसत नाही. तो आत नळी घालूनच मोजावा लागतो.

मोजतात ते असं. लघवीच्या वाटेने एक बारीक दुपदरी नळी पिशवीत घालतात. एका पदरातून कोमट सलाइन आत जातं, दुसऱ्यातून दाब मोजला जातो. दुसरी एक नळी शीच्या जागेतून थोडी आत सरकवतात. ती पोटाचा दाब सांगते. मूल रडलं, खोकललं, हसलं की पोटाचा दाब चढतो आणि तो पिशवीच्या आकड्यातही मिसळतो. म्हणून मशीन एकातून दुसरा वजा करतं. उरतो तो पिशवीच्या स्नायूचा स्वतःचा दाब. खालचा स्नायू केव्हा आवळतो ते कळायला बाहेरून चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावतात. मुलांसाठीची नळी बहुधा ६ किंवा ७ फ्रेंचची असते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा ६ फ्रेंच म्हणजे दोन मिलिमीटर जाडी.

किती भरायचं, याचा अंदाज वयावरून बांधतात: वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं. तुमच्या मुलाचे २७० मिलिलिटर येतात, पण या आजारात पिशवी त्याहून बरीच लहान निघू शकते, त्यामुळे आधीच्या सोनोग्राफीतले आकडे बरोबर न्या. दर मिनिटाला या मापाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे साधारण १३ ते २७ मिलिलिटर, एवढ्या संथपणे भरतात. घाईने भरलं तर पिशवी चिडते आणि दाब खोटाच जास्त दिसतो. एकदाच्या आलेखावर भिस्त नको म्हणून मुलांत सहसा दोनदा भरून बघतात. तेव्हा खोलीत तासभर तरी जाईल, असं धरून चला.

आता नवी नळी. फॉर्मात नेमकी कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आज वापरात असलेले प्रकार सांगते, त्यावरून तुम्हाला डॉक्टरांचं बोलणं समजेल. जुनी आणि प्रमाण मानलेली पद्धत पाण्याची. नळीत पाणी भरलेलं असतं, दाब त्या पाण्यातून बाहेरच्या सेन्सरपर्यंत येतो. लघवीवरच्या ताब्याच्या तक्रारींवर काम करणारी आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटी आजही हीच पद्धत आधाराला धरते. तिची कटकट आम्हा सिस्टर लोकांना विचारा. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की आकडे मवाळ येतात. सेन्सर मुलाच्या ओटीपोटाच्या हाडाच्या पातळीत धरावा लागतो. मूल उठून बसलं की पातळी बदलली, पुन्हा जुळवा. आणि मुलाने पाय झाडला की नळीतलं पाणी हलतं, पडद्यावर टोकं उमटतात. मोठी माणसं निमूट पडून राहतात. आठ वर्षांचं पोर राहील होय?

दुसरी हवेची नळी. तिच्या टोकाजवळ इवलासा फुगा असतो, त्यात थोडी हवा भरतात आणि बाहेरचा दाब त्या हवेतून कळतो. पातळी जुळवायची भानगड नाही, हलण्याचा त्रास कमी. म्हणूनच मुलांसाठी ती अनेकांना सोयीची वाटते. पण तिची चाल वेगळी आहे. खोकल्यासारखा झटक्यात चढणारा दाब ती जरा बोथट दाखवते. हळूहळू चढणाऱ्या दाबाला तेवढा फरक पडत नाही. तिसऱ्या प्रकारात सेन्सरच नळीच्या टोकात बसवलेला असतो. ती महाग असते आणि काही नळ्या निर्जंतुक करून पुन्हा वापरण्यासाठी बनवलेल्या असतात. या तिन्हींचे आकडे एकमेकांच्या जागी डोळे झाकून ठेवता येत नाहीत. त्यामुळे नवी नळी आली की ती जुन्या नळीशी ताडून बघावी लागते, आणि मुलांसाठीची नळी शेवटी मुलांतच ताडावी लागते. मुलांच्या वाट्याला येणारी बरीच साधनं मोठ्यांचीच, बारीक करून आणलेली असतात, हे मी स्वतः पाहिलंय. चांगली नळी यावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून ती तुमच्याच मुलाने पुढे आणायला हवी, असं मात्र अजिबात नाही.

सासऱ्यांच्या ‘प्रयोग’ या शब्दापाशी अडून बसू नका, आणि तो उडवूनही लावू नका. त्यांना म्हणा, बाबा, बाजारात नवीन फवारणी आली तर तुम्ही आधी एका ओळीवर मारून बघता, घड जळत नाहीत ना ते पाहता, मगच सगळ्या बागेला देता. फरक एवढाच, की आपल्याला ओळ एकच आहे. म्हणून विचारायचं ते असं: तपासणी तर होणारच आहे, अभ्यासात गेल्यामुळे आपल्या मुलाच्या अंगावर ज्यादा काय येणार?

या एका प्रश्नाचं उत्तर अभ्यासाच्या आखणीत असतं आणि ते फॉर्मात सापडायला हवं. असे अभ्यास साधारण तीन तऱ्हांनी करतात. पहिली तऱ्हा: चिठ्ठी टाकल्यासारखं काही मुलांना जुनी नळी, काहींना नवी. यात मुलाला ज्यादा टोचणी काहीच नाही, नळी एकदाच जाते. दुसरी: आधी एक नळी घालून भरायचं, ती काढायची, मग दुसरी घालून पुन्हा भरायचं. म्हणजे नळी दोनदा जाणार, वेळ वाढणार, इन्फेक्शनची शक्यताही थोडी वाढणार. तिसरी: दोन्ही नळ्या एकाच वेळी आत, म्हणजे एकाच क्षणाचे दोन आकडे शेजारी शेजारी मिळतात. शास्त्राच्या दृष्टीने ही तुलना सगळ्यात स्वच्छ, पण लघवीच्या अरुंद वाटेत दोन नळ्या बसवायच्या, हे मुलग्यांत सोपं नाही.

तुमच्या मुलाला चौघांनी धरलं होतं, हे वाचून माझं मत स्पष्ट आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या तऱ्हेचा अभ्यास असेल तर मी नाही म्हणेन. अभ्यास वाईट असतो म्हणून नव्हे. या तपासणीनंतर तुमच्या मुलाचं पुढचं आयुष्य बहुधा नळीबरोबर जाणार आहे, म्हणून.

हे जरा सविस्तर सांगते, कारण फॉर्मात ते लिहिलेलं नसणार. दाब जास्त निघाला तर डॉक्टर पिशवी सैल ठेवणारं औषध देतील, ऑक्सिब्युटिनिनसारखं, आणि दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकवतील. १९७२ मध्ये डॉ. जॅक लॅपिडीस यांनी ही पद्धत मांडली तेव्हा, निर्जंतुक नसलेली, नुसती स्वच्छ धुतलेली नळी रोज घालायची म्हणून अनेकांनी नाकं मुरडली होती. तिनेच पुढे अशा असंख्य मुलांच्या किडन्या वाचवल्या. ही नळी आधी तुम्ही घालणार, मग दहाबारा वर्षांचा झाल्यावर तो स्वतः, शाळेच्या बाथरूममध्ये, मधल्या सुट्टीत, मित्र बाहेर थांबलेले असताना. तपासणीच्या दिवशी नळीची भीती आणखी पक्की झाली, तर घरी रोज चार वेळा तुमची आणि त्याची झटापट होईल. मी पाहिलेल्या कुटुंबांत किडन्या बिघडण्याचं एक मोठं कारण हेच होतं: औषध होतं, नळी होती, मूल घालू देत नव्हतं. म्हणून अभ्यासाला हो म्हणायचं की नाही यापेक्षा, त्या दिवशी त्याला कोणी जबरदस्तीने धरणार नाही ना, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तसं आधीच सांगून ठेवा. मूल फारच घाबरलं तर काय करणार, थांबणार का, वेगळी तारीख देणार का, हे डॉक्टरांकडून ऐकून घ्या. चांगल्या खोलीत यावर सिस्टर तुमच्याशी आधीच बोलते.

अभ्यास पहिल्या तऱ्हेचा असेल तर मात्र घाईने नकार देऊ नका, पण एक प्रश्न नक्की विचारा. नव्या नळीची चर्चा निघाली की सगळे दुखण्याबद्दल विचारतात. मला काळजी आकड्याची वाटते. समजा नव्या नळीने २५ दाखवला आणि खरा दाब ४५ होता. मुलाला काही दुखलं नाही, सगळे हसत घरी गेले, आणि किडनीवरचा दाब तसाच राहिला. उलट झालं तर नको असलेलं औषध सुरू होईल, बद्धकोष्ठ आणि तोंड कोरडं पडणं वाट्याला येईल. म्हणून विचारा, ‘डॉक्टर, माझ्या मुलाचे उपचार कोणत्या आकड्यावर ठरवणार? नव्या नळीचा आलेख नीट आला नाही तर जुन्या नळीने पुन्हा करणार का, आणि ते कोणाच्या खर्चाने?’ याचं उत्तर डॉक्टरांनी लगेच, न अडखळता दिलं, तर त्यांनी विचार केलेला आहे असं समजा.

लॅटेक्सचं तर विसरूच नका. पाठीच्या गाठीच्या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, कारण लहानपणापासून ऑपरेशनं आणि नळ्या यांतून त्यांचा रबराशी सतत संबंध येतो. वाढदिवसाला फुगे फुगवताना त्याचे ओठ सुजले होते का? डोळे चोळायला लागला होता का? आठवून बघा आणि सांगा. काही झालं नसलं तरी विचारायचंच: नवी नळी लॅटेक्सविरहित आहे का, शीच्या जागेतल्या नळीचा फुगा कशाचा आहे, आणि सिस्टरचे हातमोजे कशाचे आहेत. नळीची चौकशी सगळे करतात, हातमोजे राहून जातात. नळी एकदाच वापरायची आहे ना हेही विचारा, आणि पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. यात कोणी रागावलं तर रागावू द्या.

आता कागद. फॉर्म मराठीत मागा. तो मराठीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. वैद्यकीय उपकरणांसाठी आपल्याकडे २०१७ चे नियम आहेत, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. नळीला भारतात परवाना मिळालेला असेल आणि फक्त तुलना चालू असेल, तर गोष्ट वेगळी; परवाना नसलेली अगदी नवी नळी असेल तर माणसांवरच्या चाचणीसाठी दिल्लीच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची, म्हणजे सीडीएससीओची परवानगी लागते. कोणती स्थिती आहे, ते विचारा. एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र दोन्ही वेळी हवीच. या कमिटीचा अध्यक्ष त्या हॉस्पिटलबाहेरचा असावा लागतो, आणि तिच्यावर कायदा जाणणारा माणूस आणि तुमच्या-आमच्यासारखा सामान्य माणूसही असतो. कमिटीचा संपर्क फॉर्मात छापलेला असला पाहिजे. तिला फोन करायला लोक बिचकतात. मी कमिटीवर असताना एखाद्या आईने थेट फोन करून विचारलं की आम्हाला बरंच वाटायचं.

आणखी एक सोपी पडताळणी घरबसल्या करता येते. भारतातल्या चाचण्यांची एक सरकारी नोंदवही इंटरनेटवर आहे, सीटीआरआय नावाची, २००७ पासून. फॉर्मावर सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर मिस्टरांना तो शोधायला सांगा. अभ्यास कोण करतंय, पैसा कोणाचा, कोणत्या वयाची मुलं, कमिटीची मंजुरी आहे का, सगळं तिथे फुकट वाचता येतं. क्रमांक नसेल तर का नाही, ते विचारा.

फॉर्मात बाकी दोन-तीन ओळी बोट ठेवून शोधा. केव्हाही बाहेर पडता येईल आणि त्यामुळे उपचारांत फरक पडणार नाही, ही एक. अभ्यासामुळे काही इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, ही दुसरी. ज्यादा एक्स-रे आहे का तेही बघा, कारण काही ठिकाणी ही तपासणी एक्स-रेखाली करतात. तो तुमच्या मुलाला एरवीही लागणार होता की फक्त अभ्यासासाठी आहे? आणि फोटो किंवा व्हिडिओला परवानगी वेगळी मागितलेली असेल तर बिनधास्त नाही म्हणा. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत घरी आणा.

मिस्टरांच्या पैशांच्या मुद्द्याला मी हसणार नाही. महिन्याला डायपरला काय लागतं ते मला माहीत आहे. पण फुकट होतंय म्हणून सही करू नका. आधी विचारा की नाही म्हटलं तर हीच तपासणी जुन्या नळीने इथेच, त्याच तारखेला होईल का, आणि किती पैसे पडतील. मग हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही जाऊन या: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि जन्मजात दोषांच्या त्यांच्या यादीत पाठीच्या कण्याचा हा दोष आहे. इथे जमलंच नाही तर मुंबई आहे. अजूनही नाशिकची कितीतरी कुटुंबं पोराला डायपर बांधून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठतात. दगदग आहे, पण रस्ता बंद नाही, एवढं लक्षात असलं की सही करताना हात मोकळा राहतो.

मुलाला विचारायचं का? अभ्यासाबद्दल, हो, विचारायचंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते. बारापर्यंत ती तोंडी, आईवडिलांसमोर, त्यापुढे लेखी. तुमचा मुलगा आठचा, तेव्हा तो नको म्हणाला आणि अभ्यास त्याच्या फायद्यासाठी नसून ज्ञानासाठी असेल, तर तिथेच थांबायचं. पण तपासणीबद्दल ‘करायची का रे?’ असं विचारू नका. तिथे तुम्ही त्याचा नकार पाळू शकणार नाही, आणि विचारून न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. त्याला सांगा, ‘तपासणी करायची आहे, तुझ्या किडनीसाठी. पण नवी नळी वापरायची का, हे तू आणि आम्ही मिळून ठरवायचं.’ आठ वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो.

दुखणार नाही, असं मात्र सांगू नका. पाठीच्या गाठीच्या काही मुलांना खाली संवेदना कमी असते, काहींना चांगली असते. त्याला काय जाणवतं ते तुम्हाला अंघोळ घालताना माहीत झालेलं असेल, तेच सिस्टरला सांगा. बधिर करणारी जेली लावून दोन-चार मिनिटं थांबायला सांगा. घाईत हेच राहून जातं. त्याला म्हणा, नळी आत जाताना विचित्र वाटेल, थोडं झोंबेल, मग थांबेल. जमलं तर तपासणीच्या आधी एक दिवस त्याला ती खोली दाखवून आणा, नळी हातात घेऊ द्या. पडद्यावर त्याच्याच खोकल्याची रेघ उमटते हे दाखवलं की मुलगे हमखास पुन्हा पुन्हा खोकतात. आम्हाला तर तो खोकला मुद्दाम हवाच असतो, पिशवीतली आणि शीच्या जागेतली, दोन्ही नळ्या बरोबर बसल्यात का ते त्यावरूनच कळतं. आत नळी सरकवताना त्याला साबणाचे फुगे उडवायला द्या. फुंकताना मूल श्वास रोखत नाही. तुम्ही त्याच्या डोक्याशी उभ्या राहा, पायाशी नको. आणि खोलीत नको असलेली माणसं नसावीत. शिकणारे विद्यार्थी असले तर त्यांना बाहेर थांबायला सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आधीच्या तयारीत पोट साफ असणं सगळ्यात मोठं. या मुलांना बद्धकोष्ठ असतंच, आणि भरलेलं आतडं पिशवीवर दाबतं, आकडे बिघडवतं. तीन-चार दिवस आधीपासून त्याकडे बघा, डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर द्या. लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ती तपासणी, आधी करून घ्या. इन्फेक्शन असेल तर तपासणी पुढे ढकलतात, नाहीतर दाबाने जंतू वर जायचे. चालू औषधं बंद ठेवायची का, ते विचारल्याशिवाय मनाने काही करू नका.

सही मात्र त्या दिवशी टेबलापाशी करू नका. फॉर्म घरी आणा, रविवारी मिस्टर सुट्टीवर असताना सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा रोखठोक असतील आणि डॉक्टरांनी ते ऐकावेत. त्यांनी शेवटी नाही म्हटलं आणि तुम्हालाही तसंच वाटलं, तर डॉक्टरांना सांगताना ‘घरचे नाही म्हणतात’ असं चाचरत सांगू नका. नुसतं ‘आम्हाला अभ्यासात जायचं नाही, तपासणी जुन्या नळीने करा’ म्हणा. कारण देणं बंधनकारक नाही.

घरी आल्यावर दिवसभर भरपूर पाणी द्या. लघवीला थोडं झोंबेल, एखादवेळी लालसर थेंब दिसेल, ते एक-दोन दिवसांत जातं. पण ताप आला, थंडी वाजली, उलट्या झाल्या किंवा डायपर नेहमीपेक्षा कोरडा राहिला, तर अभ्यासवाल्यांच्या फोनची वाट बघत बसू नका. रात्र असली तरी मुलाला घेऊन निघा आणि तिथे सांगा की अमुक दिवशी नळी घातली होती, नवी होती की जुनी, तेही. आलेखाची प्रत मागून फायलीला लावा. पुढच्या वेळी डॉक्टर याच आलेखाशी ताडून बघणार आहेत.